बोडकं कार्ड

मास्तर पत्र लिहायचे तेव्हा अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी द्यायचे. आधी सगळं कार्ड वरपासून खालपर्यंत लिहून काढायचं, बोरू खाली ठेवायचा, बोटं मोडायची, समोरच्या लिंबाच्या झाडाकडे थोडा वेळ बघत बसायचं, आणि मग पुन्हा बोरू उचलून एकेका शब्दावर रेघ ओढत जायचं. रेघ ओढताना ते श्वास धरायचे. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवताना मीही श्वास धरते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. सुप्याला मास्तरांच्या घरात एक खोली घेऊन आम्ही राहत होतो. लढाई चालू होती. माझे यजमान नगरला मिलिटरीच्या डेपोत कामाला होते. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या मोटारीनं जायचे. मधले दिवस मी एकटी. मला बोलायची फार भीती वाटायची. चौथी पास झाले होते, पण शाळेत उभं राहून उत्तर दिल्याचं आठवत नाही. गुरुजींनी काही विचारलं की मी ते पाटीवर लिहायचे आणि पाटी वर धरायचे.

मास्तरांची शाळेतली नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती. ते ओट्यावर घोंगडी टाकून बसायचे आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं त्यांच्याकडून पत्रं लिहून घ्यायची. येताना कुणी मेथीची जुडी आणायचं, कुणी पदरातून शेंगा. मास्तर आधी माणसाचं सगळं म्हणणं ऐकून घ्यायचे, डोळे मिटून. काही जणांना वाटायचं, म्हातारा झोपला. मग एकदम डोळे उघडून विचारायचे, "हे तुम्ही त्यांच्यापुढं उभं राहून बोलला असता, तर खाली बघून बोलला असता का वर बघून?"

"आता ते कसं सांगू मास्तर?"

"मग मी तरी कसं लिहू?"

कारण मास्तरांच्या हाताला एक वळण नव्हतं. जसं पत्र तसं वळण. लग्नाच्या पत्राची अक्षरं थोडी उजवीकडे कलायची, पंगतीत बसलेली माणसं शेजारच्याच्या कानाशी लागतात तशी. वेलांट्या मोठ्या, मांडवाच्या कमानीसारख्या. हे वळण ते उपाशीपोटी काढत नसत. कचेरीतल्या अर्जाची अक्षरं ताठ, आणि इतकी दाटीवाटीनं की दोन शब्दांत तिसऱ्याला शिरता येऊ नये. रुसून माहेरी बसलेल्या सुनेला बोलवायचं असलं तर एकही अक्षर मोठं काढायचे नाहीत. म्हणायचे, "मोठं अक्षर म्हणजे वरचा आवाज. आणि वरच्या आवाजाला कंटाळूनच ती गेली आहे." लढाईवर गेलेल्या मुलाचं पत्र असलं की कार्डाच्या मधोमध बोटभर जागा कोरी सोडायचे. मी एकदा त्या जागेकडे बघत राहिले, तेव्हा न विचारताच सांगितलं, "पोरगा हे घडी घालून खिशात ठेवणार. घडीवरचं अक्षर सगळ्यात आधी पुसतं. आईचं एक अक्षरसुद्धा का पुसू द्यायचं?"

आणि एक वळण दुखवट्याचं. कुणी माणूस गेल्याचं कळवायचं असलं की मास्तर सगळं कार्ड लिहायचे, बोरू खाली ठेवायचे, लिंबाकडे बघायचे, पण मग बोरू पुन्हा उचलायचे नाहीत. अक्षरांवर रेघ द्यायची नाही. ती तशीच राहायची, उघड्या डोक्यानं.

"घरातलं माणूस गेलं की बाप्ये डोक्याचं मुंडासं काढतात की नाही?" ते म्हणायचे. "मग अक्षरानंच का डोकं झाकून जायचं?"

त्याला सगळे बोडकं कार्ड म्हणायचे. खेड्यांत वाचता येणारं माणूस घरटी एकही नसायचं, पण बोडकं कार्ड बायाबापड्यांनाही लांबून ओळखू यायचं. ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. कुणातरी जाणत्यानं बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. पण बाया वाचायची वाट बघत नसत. कोण गेलं ते नंतर कळायचं, रडू आधी यायचं. मास्तरांना याचा अभिमान होता, तो त्यांनी कधी लपवला नाही. "माझं बोडकं कार्ड बघून आजवर कुणाला फुकट रडावं लागलं नाही," असं ते म्हणायचे.

दुपारी ओट्यावर सावली आली की मी धान्याचं सूप घेऊन दाराशी बसायचे. ओल्या शाईची कार्डं ओळीनं वाळत घातलेली असायची. पत्रं बरीच असली की मास्तर सगळ्यांच्या रेघा एकदमच द्यायचे, म्हणून तोवर सगळीच कार्डं बोडकी असायची, लग्नाचीसुद्धा. लिंबाच्या पानांची सावली त्यांच्यावरून हलायची. बघता बघता माझे डोळे जड व्हायचे आणि वाटायचं, ही अक्षरं कार्डांवरून उतरून चालली आहेत. लग्नाची अक्षरं बोलत बोलत पुढे, लढाईवरच्या मुलाकडे जाणारी दोन-दोनच्या रांगेत, मागून अर्जातली, कुणाशी न बोलता. सगळी पुण्याच्या सडकेनं चालली आहेत आणि धूळ उडत नाही. मग हातातलं सूप कलंडायचं आणि मी जागी व्हायचे.

एकदा नगरहून एका छापखान्याचे मालक आले होते. त्यांनी मास्तरांच्या हातची लग्नाची पत्रं पाहिली होती. त्यांना ते वळण शिशात ओतून घ्यायचं होतं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही एकेक अक्षर एकदाच काढून द्या. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत. त्याचे आम्ही खिळे पाडतो. मग अख्ख्या जिल्ह्याची लग्नं तुमच्या अक्षरात लागतील."

मास्तरांना ते आवडलं असावं. त्यांनी मोठा कागद घेतला, अंघोळ केली, जेवले आणि बसले. पहिल्या ओळीतली अक्षरं झाली. 'क' पाशी आल्यावर बोरू थांबला.

"हा 'क' कुणाच्या शेजारी बसणार आहे?"

"कुणाच्याही बसेल. तीच तर गंमत आहे."

"ती गंमत तुमची. 'कन्या'मधला 'क' आणि 'काका'मधला 'क' एकच काढू?"

"वाचणाऱ्याला काय कळतंय मास्तर?"

"कन्येला कळेल ना," मास्तर म्हणाले.

छापखान्याचे मालक चहा पिऊन गेले. जाताना माईंना म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे, पण कामाचा नाही." माई म्हणजे मास्तरांच्या बायको. त्या म्हणाल्या, "ते मला इचारा की. चाळीस वरसं सोनंच खातीया मी."

माई ठणठणीत, मोठ्या आवाजाच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मास्तरांचं बोट सारखं कुठं ना कुठं लिहीत असायचं, भाकरीच्या पिठात, गाईच्या पाठीवर, नुसत्या हवेत. माई मला एकदा सांगत होत्या, "अगं झोपेतबी सोडत न्हाईत. माझ्या पाठीवर बोट फिरतंय. काय लिवत्यात देवाला ठावं. मी आपली पडून ऱ्हाते. म्हनलं, माझ्या पाठीवर माझंच गाऱ्हानं लिवत असतील." आणि मोठ्यानं हसल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "पन वाचता आलं असतं तर बरं हुतं, न्हाई?"

त्यांना एकच मुलगी होती. ती राहुरीकडच्या एका खेड्यात दिली होती. मी राहायला आले तेव्हा तिनं माहेरचं तोंड बघितल्याला पाच वर्षं झाली होती. ते का, हे माईंनी मला थोडं थोडं करून सांगितलं, शेंगा फोडताना.

मास्तरांनी गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरांचा हात धरून कित्ता गिरवून घेतला, पण स्वतःच्या मुलीला अक्षर शिकवलं नाही. तिनं लहानपणी पाटी मागितली होती. मास्तर म्हणाले होते, तुला काय करायची आहे? ती सासरी गेल्यावर मास्तर तिला दर पंधरा दिवसांनी कार्ड टाकायचे, सुंदर अक्षरात. ती कार्डं वाचून दाखवायचा तिचा दीर, अंगणात, सगळ्यांना जमवून. एकदा ती माहेरी आली असताना आईजवळ बोलून गेली की सासू पोटभर जेवू देत नाही. माईंनी ते मास्तरांना सांगितलं. मास्तरांचा जीव कळवळला आणि त्यांनी जसं वाटलं तसं कार्डावर लिहिलं, की बाळ, मला सगळं समजलं आहे, तू उपाशी राहू नकोस, मी तुझ्या सासूशी बोलतो. ते कार्ड दिरानं सासूसमोर मोठ्यानं वाचलं.

पुढं काय झालं ते माईंनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की मुलीनं एका पाहुण्याच्या तोंडी निरोप पाठवला, "बापाला सांगा, तुमचं अक्षर माझ्या घरात पाठवू नका. मला ते दिसतं, पन कळत न्हाई. आन ज्यांना कळू ने त्यांना कळतं." त्यानंतर दिवाळीला नाही, नागपंचमीला नाही, ती आलीच नाही. मास्तर मानी. बोलावल्याशिवाय तिच्या दारी गेले नाहीत. माई दरवर्षी म्हणायच्या, तुमी जावा, न्हाईतर मला तरी जाऊ द्या. मास्तर म्हणायचे, "तिनं निरोप पाठवलाय. आता तिचा दुसरा निरोप येईपर्यंत थांबायचं." आणि माई थांबायच्या. एवढ्या बोलणाऱ्या बाई, पण याबाबतीत त्यांचं चालायचं नाही.

माझं अक्षर मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं ते दळणाच्या डब्यावर. मी कोळशानं 'ज्वारी' लिहून ठेवलं होतं.

"हे कुणी लिहिलं?"

मी मान खाली घातली.

"मुंगी चिखलातून चालावी तसं आहे," ते म्हणाले. "पण मुंगी चाललीय तरी. उद्यापासून पाटी घेऊन बस."

असं माझं पुन्हा शिकणं सुरू झालं. ते कित्ता घालून द्यायचे, मी गिरवायचे. ते माझ्याशी फारसं बोलत नसत आणि मला तेच बरं वाटायचं. कधी कधी माझ्या पाटीकडे बघता बघता त्यांची नजर पाटीपलीकडे जायची. मला तेव्हा कळायचं की माझ्या जागी त्यांना दुसरंच कुणी बसलेलं दिसतंय. मी हलायचे नाही. त्यांची लिहून झालेली पत्रं पोस्टात टाकायचं कामही हळूहळू माझ्याकडे आलं. पितळी दौतीखाली ठेवलेली कार्डं उचलायची आणि पोस्टाच्या लाल पेटीत टाकून यायची. कुणाशी बोलावं लागायचं नाही.

दर गुरुवारी सकाळी मास्तर धुतलेलं धोतर नेसून एक कोरं कार्ड घ्यायचे. त्या दिवशी कुणाचं पत्र लिहीत नसत. आधी मागच्या बाजूला पत्ता लिहायचे, राहुरीकडचा. मग पुढच्या बाजूला चार-दोन ओळी लिहून थांबायचे. दुपार व्हायची. माई जेवायला हाका मारायच्या. ते कार्ड मग कोनाड्यात पंचांगाखाली जायचं. अमावास्येला महिन्याची सगळी कार्डं ते स्वतःच्या हातानं पाणी तापवायच्या चुलाणात घालायचे, न बघता.

मी एकदा त्यांना विचारलं होतं. म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं होतं, "पत्र पुरे का होत नाही?"

त्यांनी पाटी हातात घेतली, माझा 'पु' दुरुस्त केला आणि म्हणाले, "सगळ्यांची वळणं येतात ग. बापाचं कुठलं, ते सापडत नाही."

मग तो गुरुवार आला. कार्ड ओट्यावर वाळत होतं, मास्तर आत जेवत होते. मी वाचायला नको होतं, पण वाचलं. ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. लिहिलं होतं की अनेक आशीर्वाद, इकडे सर्व ठीक, लिंबाला मोहोर आला आहे, तुझी आई गुडघ्यानं हैराण आहे. आणि खाली, थोडी जागा सोडून, "मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं. तुझा हात धरला नाही. ही माझी". तिथं ते थांबले होते.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

मी इतकी भित्री, पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. मला एवढंच वाटलं की हे कार्ड चुलाणात जाता कामा नये. पुरं नसलं तरी चालेल. अर्धं बोलणं पोचलं तरी पुष्कळ आहे. संध्याकाळी मास्तर फिरायला गेल्यावर मी कोनाड्यातून ते कार्ड काढलं, पदराखाली घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पत्रांबरोबर लाल पेटीत टाकून दिलं.

परत येताना आडापर्यंत आले आणि माझे पाय थांबले. कार्डावर रेघ नव्हती.

रोज बघून बघून बिनरेघेचं अक्षर मला नुसतं अपुरं दिसायचं, अशुभ दिसायचं नाही. पण राहुरीकडे ते कार्ड ओट्यावर वाळणारं कार्ड नव्हतं. तिथं ते बोडकं कार्ड होतं, मास्तरांच्या हातचं.

मी पळत माघारी गेले. पेटी अजून उघडली नव्हती. पोस्टातले बाबू खिडकीत बसले होते, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोरच पडला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. चुकून टाकलं, तेवढं काढून द्या, एवढे शब्द.

"काय पाहिजे बाई?"

मी पदराची गाठ चाचपली.

"कार्ड का पाकीट?"

"कार्ड," मी म्हणाले.

त्यांनी एक कोरं कार्ड दिलं. मी पदराच्या गाठीतले पैसे सोडून दिले आणि ते कोरं कार्ड घेऊन घरी आले. मास्तर तोवर चुलाणाजवळ उभे होते. हातातली कार्डं त्यांनी न मोजता आत टाकली.

ते पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. अंगात बारीक ताप असावा तसे ते दिवस आठवतात. मी दळत होते, पाणी आणत होते, आणि ते कार्ड माझ्याआधी सगळीकडे जात होतं. नगरच्या स्टेशनावर, मग राहुरीच्या पोस्टात, मग कुणाच्यातरी पिशवीत, उसाच्या कडेकडेनं. मास्तरांना सांगावं म्हणून दोनदा ओट्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी झाडू उचलून ओटा झाडला.

चौथ्या दिवशी भर दुपारी नगरकडून येणारी मोटार सडकेवर थांबली. थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला.

"माझे आई गंऽ! मला न भेटता कुठं गेलीस गंऽ!"

एक बाई केस सुटलेले, पदर जमिनीला लागलेला, अशी धावत येत होती. तिच्या मागून शेजारपाजारच्या बाया येत होत्या आणि काही न कळता त्याही रडत होत्या. माई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय गं? कोन गेलं?"

ती बाई जागच्या जागी थांबली. तिनं माईंकडे बघितलं, माईंच्या पुढ्यातल्या टरफलांकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

माई उठल्या. गुडघा धरून, पण उठल्या. त्यांनी पोरीला ओळखलं तेव्हा त्यांचं तोंड आधी हसल्यासारखं झालं आणि मग वाकडं झालं.

"मी मेल्याबिगर यायची न्हवतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग आदीच सांगायचं. आदीच मेले असते की."

त्यावर मायलेकी गळ्यात पडून ज्या रडल्या, तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. बायांनी डोळे पुसले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की इथं कुणी मेलेलं नाही. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून मास्तरांना म्हणाली, "अवो मास्तर, जित्या मानसाचं बोडकं कार्ड धाडलं? आता तुमच्या कागदाला आमी रडावं का हसावं?"

मास्तर ओट्यावर उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मुलगी उठली. पदराच्या टोकाला बांधलेलं कार्ड तिनं सोडलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"हे काय हाय? टपालवाला म्हनला, बाई, वाचू का? मी म्हनलं, नगं, मला कळलं. बापाच्या हातचं बोडकं कार्ड मला कळत न्हाई व्हय? बाप लिवतोय म्हंजी आईच गेली. दीर बाजारातनं यायच्या आत नवऱ्याला म्हनलं, मला मोटारीत बसवून द्या. नगरपातुर छाती बडवीत आले मी." तिला धाप लागली. "कुनी टाकलं हे?"

मास्तरांनी कार्ड हातात घेतलं आणि बघितलं. त्यांनी ते ओळखलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी हे टाकलं नव्हतं. ते खरंच होतं. गावासमोर त्यांची अब्रू त्या एका वाक्यानं राहिली असती.

"मीच टाकलं," मास्तर म्हणाले.

"आन रेघ?"

"राहिली."

"जलमात कुनाच्या कार्डाची ऱ्हायली न्हाई ती माझ्याच ऱ्हायली?"

"तुझ्याच राहिली."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि ओट्याच्या पायरीवर बसली.

"वाचा," ती म्हणाली. "दिराला वाचू दिलं न्हाई, टपालवाल्याला दिलं न्हाई. आता तुमच्या तोंडानं वाचा."

मास्तर खाली बसले. ज्यांनी साऱ्या पंचक्रोशीची पत्रं लिहिली, त्यांनी स्वतःचं पत्र कुणाला वाचून दाखवल्याचं मी पाहिलं नव्हतं. कार्ड डोळ्यांजवळ धरून ते वाचायला लागले. आशीर्वाद. सर्व ठीक. लिंबाचा मोहोर. आईचा गुडघा. इथं माई म्हणाल्या, "व्हय, लई दुकतोय." मग मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं. तुझा हात धरला नाही. ही माझी..."

ते थांबले.

"ही तुमची काय?"

"पुढं लिहिलेलं नाही."

"लिवलेलं न्हाई. पन ठावं तर हाय ना?"

लिंबावरून मोहोर गळत होता. एक बारीक फूल कार्डावर पडलं आणि मास्तरांनी ते झटकलं नाही.

"चूक," ते म्हणाले.

"एवढ्याला पाच वरसं?"

"लिहिता येत नव्हतं ग बाळ."

"मंग बोलायचं," मुलगी म्हणाली. "लिवलेलं मला कुठं कळतंय?" आणि तिनं त्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि तो हात तसाच धरून ठेवला. माईंनी बायांना दटावलं, "चला गं आपापल्या घरी, काय मेलंय का हितं कुनी?" मीही आत गेले.

ती आठ दिवस राहिली. मास्तरांनी तिच्यासाठी नवी पाटी आणून ठेवली. तिनं पाटी फिरवून बघितली आणि म्हणाली, "आता न्हाई आबा. आता तुमी येत जावा. तुमच्या तोंडचं मला कळतं." त्यानंतर मास्तर दर महिन्याला मोटारीनं तिच्याकडे जायला लागले. दिरानं काय म्हटलं, सासूनं काय म्हटलं, ते मला ठाऊक नाही. पण एकदा परत आल्यावर ते माईंना सांगत होते, "तिला म्हटलं, माझ्यासमोर जेव. दोन भाकरी खाल्ल्या तिनं." आणि सांगताना त्यांचं बोट कुठंच काही लिहीत नव्हतं.

गावात त्यांचं नाव मात्र उतरलं. दुखवट्याची पत्रं लिहून घ्यायला माणसं दुसऱ्या एका लिहिणाऱ्याकडे जायला लागली. जी येत ती म्हणत, "मास्तर, रेघ मारूनच द्या. तुमच्या बोडक्याचा आता भरवसा न्हाई." मास्तर मुकाट्यानं रेघ द्यायचे. त्यांचं जन्माचं अक्षर माझ्यामुळे खोटं ठरलं, हे मला रोज दिसायचं. एकदा मी मनाचा हिय्या केला. पाटी न घेता गेले.

"मास्तर, ते कार्ड..."

"ते मी टाकलं," बोरू तासता तासता ते म्हणाले.

"पण मास्तर, मी..."

"पोरी, बापानं बोलावलं असं तिला वाटतंय. त्यात तू कशाला येतेस?" त्यांनी बोरूचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. "आणि तेवढं एक तरी बापानं केलं असावं, असं मलाही वाटू दे."

पुढं यजमानांची नोकरी कायम झाली आणि आम्ही नगरला आलो. मास्तर गेले, माई गेल्या. मी चार मुलांची आई झाले, पण माणसांत बोलायची भीती काही गेली नाही. म्हणून हे वहीत लिहिते आहे.

मास्तरांची मुलगी मला अलीकडे एका लग्नात भेटली. खूप म्हातारी झाली आहे. भोवती नातवंडं जमवून ती त्यांना तिच्या बापाची गोष्ट सांगत होती, बाप किती मानी, आणि तरी त्यानं स्वतःच्या हातानं कार्ड टाकून तिला कसं बोलावून घेतलं. सांगता सांगता तिची नजर माझ्याकडे गेली. "ही बगा, ही तवा तिथंच हुती," ती म्हणाली. "व्हय का न्हाई गं? आबांनीच टाकलं हुतं ना कार्ड?"

सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"व्हय," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.